करुणा

करुणा : दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव होऊन मन द्रवणे आणि त्या दुःखाचे निवारण व्हावे अशी इच्छा होणे, या दोहोंनी मिळून बनणारी भावावस्था. नुसती जाणीव म्हणजे करुणा नव्हे. ती परदुःखाचे ज्ञान होय. नुसते द्रवणे म्हणजेही करुणा नव्हे. ते पुष्कळदा स्वतःच्याच अस्वस्थतेचे लक्षण असते. निवारणाची प्रेरणा हा करुणेचा व्यवच्छेदक घटक आहे. प्रेरणेचे रूपांतर प्रत्यक्ष कृतीत दरवेळी होईलच असे नाही; ते परिस्थितीवर, सामर्थ्यावर आणि पुढे दाखविल्याप्रमाणे, कित्येकदा अगदी क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते. दुःख स्वतःचेच असेल, तेव्हाही माणूस स्वतःकडे याच दृष्टीने पाहू शकतो. आधुनिक मानसशास्त्रात याला ‘आत्मकरुणा’ असे म्हणतात. करुणा आणि आत्मकरुणा यांचा परस्परांशी काय संबंध आहे व दोहोंचा मनःस्वास्थ्यावर कोणता परिणाम होतो, हे प्रश्न प्राचीन असले, तरी त्यांचा प्रयोगाधिष्ठित अभ्यास प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होऊ लागला.

मराठीत या भावाच्या छटा दाखविणारे अनेक शब्द आहेत. ‘दया’ या शब्दात देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर असल्याचे सूचन पुष्कळदा असते. ‘कीव’ या शब्दात तर तुच्छतेची छटा स्पष्टच येते. ‘कणव’ व ‘कळवळा’ हे शब्द अधिक जवळिकीचे आहेत. ‘अनुकंपा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याबरोबर कंप पावणे असा असून तो अर्थाने अतिशय समर्पक आहे. तथापि व्यवहारात तो आता मुख्यतः मृत शासकीय कर्मचाऱ्याच्या वारसाला द्यावयाच्या नेमणुकीपुरता उरला आहे. पोटात कालवणे, पोटात तुटणे, आतडे पिळवटणे या वाक्प्रचारांत करुणेचे स्थान हृदयापेक्षा पोटात मानलेले दिसते. ही कल्पना केवळ मराठीची नाही. हिब्रू भाषेतील करुणावाचक शब्द गर्भाशयवाचक शब्दाच्या धातूपासूनच बनलेला आहे. अरबीतील ‘रहम’ व ‘रहीम’ यांचा धातूही तोच. बायबलच्या ‘नव्या करारा’तील करुणेचे ग्रीक क्रियापद आतडी या अर्थाच्या नामापासून आले आहे. करुणा ही शरीराला जाणवणारी भावना आहे, हे भाषांनी शरीरशास्त्रज्ञांच्या फार आधी नोंदवून ठेवले, असे म्हणता येईल.

साहित्यशास्त्रातील करुण रस ही मात्र वेगळी गोष्ट होय. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव शोक हा मानला आहे आणि रसास्वादात प्रेक्षकाकडून निवारणाच्या कृतीची अपेक्षा नसते. समानुभूती ही संकल्पनाही करुणेहून निराळी आहे. दुसऱ्याच्या भावनेत शिरून ती आपल्या ठिकाणी अनुभवणे, म्हणजे समानुभूती. या अर्थाचा जर्मन शब्द प्रथम कलास्वादाच्या चर्चेत रूढ झाला. टेओडोर लिप्स (१८५१–१९१४) याने त्याला मानसशास्त्रीय अर्थ दिला आणि एडवर्ड टिचनर (१८६७–१९२७) याने १९०९ मध्ये ‘एम्पथी’ हा त्याचा इंग्रजी पर्याय तयार केला. समानुभूती आनंदाचीही असू शकते. करुणेचा विषय दुःख हाच असतो. शिवाय समानुभूती क्रूर माणसालाही असू शकते, कारण कोठे दुखेल हे ओळखल्याशिवाय नेमके दुखवता येत नाही.

भारतीय विचार : करुणेचे सर्वांत सूक्ष्म विश्लेषण बौद्ध परंपरेत आढळते. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावनांना तेथे ‘ब्रह्मविहार’ म्हणतात. इतरांचे हित व्हावे ही मैत्री, दुःख दूर व्हावे ही करुणा, त्यांच्या सुखाने आनंद व्हावा ही मुदिता आणि या सर्वांत तोल राखणारी समवृत्ती म्हणजे उपेक्षा. येथे उपेक्षा या शब्दाचा मराठीत रूढ असलेला दुर्लक्ष हा अर्थ अभिप्रेत नाही. याच चार भावना पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात आल्या आहेत. सुखी, दुःखी, पुण्यवान व पापी यांच्याविषयी अनुक्रमे त्या बाळगल्या असता चित्त प्रसन्न होते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे करुणेचे फळ करुणा करणाऱ्याच्या चित्तातच सांगितले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य अशी तत्सम चतुष्टयी दिलेली आहे.

इ. स. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात या भावनांच्या अभ्यासाची रीत तपशीलाने सांगितली आहे. प्रत्येक भावनेला एक दूरचा शत्रू व एक जवळचा शत्रू असतो, असे तो म्हणतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता हा आहे. तो उघड विरोधी असल्याने ओळखण्यास सोपा. जवळचा शत्रू म्हणजे संसारातील आसक्तीतून येणारे दौर्मनस्य, म्हणजे खिन्नता. ती करुणेसारखीच दिसते, त्यामुळे घरात शिरलेली कळत नाही. क्रूरता शमली म्हणजे करुणा सफल झाली आणि शोक उत्पन्न झाला म्हणजे ती फसली, असा निकष बुद्धघोषाने दिला आहे. रुग्णाच्या उशाशी बसून स्वतःच खचून जाणाऱ्या शुश्रूषा करणाऱ्याचे दुःख खोटे नसते; पण बुद्धघोषाच्या मते तेथे करुणा हातची निसटलेली असते. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा भेद आधुनिक प्रयोगशाळेत पुन्हा वर आला, हे पुढे दिसून येईल.

स्वतःचे स्थान काय, या प्रश्नाचेही उत्तर या ग्रंथात आहे. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा, असे बुद्धघोष सांगतो. याचा हेतू स्वतःचे लाड करणे हा नव्हे; जसे मला सुख हवे व दुःख नको तसेच इतरांनाही, या अनुमानासाठी स्वतःला साक्षी म्हणून उभे करणे हा आहे. या संदर्भात उदान या ग्रंथातील एक कथा प्रसिद्ध आहे. कोसलचा राजा प्रसेनजित याने राणी मल्लिकेला विचारले, की तुला स्वतःहून अधिक प्रिय असे कोणी आहे काय? राणीने ‘नाही’ असे सांगितले व तोच प्रश्न राजाला विचारला. त्याचेही उत्तर तेच आले. राजाने ही हकीकत बुद्धाला सांगितली, तेव्हा बुद्धाने त्या दोघांना स्वार्थी ठरविले नाही. प्रत्येकाला स्वतःच सर्वांत प्रिय असतो, म्हणून स्वहिताची चाड असणाऱ्याने दुसऱ्याला इजा करू नये, असा निष्कर्ष त्याने काढला. आत्मप्रेमापासून परप्रेमाकडे जाण्याची ही वाट त्यागाची नसून विस्ताराची आहे.

त्याहून मार्मिक उदाहरण मर्यादाभंगाच्या विवेचनात येते. एक साधक, त्याचा प्रिय मित्र, एक तटस्थ मनुष्य व एक वैरी असे चौघे बसले असता लुटारू येतात आणि बळी देण्यासाठी एक माणूस मागतात. साधकाने वैऱ्याकडे बोट दाखविले, तर त्याची भावना अपुरी आहे, हे उघडच आहे. पण ‘मला न्या’ असे तो म्हणाला, तरीही ती अपुरीच, असे बुद्धघोष म्हणतो. कारण त्याने तिघांत व स्वतःत भेद केला. चौघांपैकी कोणालाही देण्याजोगे तो पाहत नाही, तेव्हाच मर्यादा मोडली असे मानावे. आत्मबलिदान हीच करुणेची परिसीमा मानणाऱ्या सर्वसामान्य कल्पनेला हे उदाहरण धक्का देणारे आहे. महायान परंपरेत मात्र आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या शांतिदेवाने बोधिचर्यावतारात प्रथम स्वतःची व इतरांची समता आणि नंतर दोहोंची अदलाबदल अशी दोन पायऱ्यांची भावना सांगून भर इतरांकडे वळविला आहे.

विसुद्धिमग्गाच्या आधुनिक अभ्यासात एका मराठी विद्वानाचा मोठा वाटा आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी हेन्री क्लार्क वॉरन याने हाती घेतलेल्या या ग्रंथाच्या संपादनाचे काम हार्व्हर्ड विद्यापीठात पुढे नेले. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये हार्व्हर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथात प्रज्ञा एकटी पुरेशी नाही, तिला शील व करुणा यांची जोड हवी आणि त्याही पलीकडे सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचणारी मैत्री हवी, अशी मांडणी केली. त्यांच्या विवेचनात करुणा ही ध्यानगृहातील भावना न राहता समाजरचनेचे तत्त्व बनते. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९७६ मध्ये इगतपुरी येथे सुरू केलेल्या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांच्या शिबिराचा शेवट मैत्रीभावनेने होतो. मराठी संतवाङ्मयात ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे आणि सोळाव्या अध्यायातील दयेचे निरूपण या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पाश्चात्त्य विचार : ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) ऱ्हेटॉरिक या ग्रंथात अनुकंपेची व्याख्या करताना दोन अटी घातल्या : दुःख भोगणारा त्या दुःखास पात्र नसावा आणि तसा प्रसंग आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर येऊ शकेल असे पाहणाऱ्याला वाटावे. ‘त्याचे त्याने भोगावे’ असे म्हणून जेथे करुणा थांबते, तेथे पहिली अट आड आलेली असते. स्टोइक तत्त्वज्ञांनी अनुकंपा हा मनाचा दुबळेपणा मानला; स्पिनोझाही विवेकाने जगणाऱ्याला तिची गरज नाही, असे म्हणतो. मात्र त्या दुःखाशिवायही विवेकी मनुष्य मदत करीलच, असे त्याचे मत होते. ॲडम स्मिथ याने १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथाची उभारणीच सहानुभूतीच्या तत्त्वावर केली. आर्थर शोपेनहौअर (१७८८–१८६०) याने करुणा हाच नीतीचा एकमेव पाया मानला. या विषयावरील त्याचा निबंध डेन्मार्कच्या राजकीय विज्ञान संस्थेकडे स्पर्धेसाठी आलेला एकमेव निबंध होता, तरीही १८४० मध्ये संस्थेने त्याला पारितोषिक नाकारले. नीत्शेने पुढे शोपेनहौअरच्या या मतावर कडाडून हल्ला चढविला. करुणा दुःख कमी करीत नाही, ते दुप्पट करते, हा त्याचा आक्षेप होता. हा आक्षेप वाटतो तितका अवाजवी नाही.

करुणा आणि साहाय्य : करुणेचे कृतीत रूपांतर केव्हा होते, याविषयीचा जॉन डार्ली व डॅन्येल बॅट्सन यांचा १९७३ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठविण्यात आले. काहींच्या भाषणाचा विषय बायबलमधील परोपकारी शोमरोन्याचा दृष्टांत हाच होता. वाटेत एक माणूस दाराशी कोसळून कण्हत बसलेला असे. ज्यांना मुळीच घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि उशीर झाला असे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के विद्यार्थ्यांनी काही ना काही मदत केली. भाषणाच्या विषयाने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. करुणेवर प्रवचन देण्यास निघालेला मनुष्य कण्हणाऱ्याला ओलांडून जाऊ शकतो, याचा अर्थ तो दांभिक आहे असाच होत नाही. घाईत दुःख नजरेस पडते, पण मनात उतरत नाही.

बॅट्सनने पुढे १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात परदुःखाच्या दोन प्रतिक्रिया वेगळ्या केल्या. एका तरुणीला विजेचे धक्के बसत असल्याचे (ते खरे नव्हते) विद्यार्थिनींना दाखविण्यात आले आणि तिची जागा घेण्याची तयारी आहे काय, असे विचारण्यात आले. काहींना थोडा वेळ पाहून निघून जाण्याची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुख्यतः स्वतःच अस्वस्थ वाटत होते, त्यांनी सुटकेची सोय असेल तेव्हा बहुधा सुटका पत्करली. ज्यांना त्या तरुणीबद्दल कळकळ वाटत होती, त्या निघून जाणे सोपे असतानाही पुढे झाल्या. पहिलीला वैयक्तिक क्लेश व दुसरीला समानुभूतीपूर्ण कळकळ असे म्हणतात. पहिलीत लक्ष स्वतःच्या त्रासावर असते, दुसरीत दुःखी व्यक्तीवर.

हा भेद महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध घटनेतही दिसतो. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे (१९१४–२००८) यांना वरोडा येथे पावसात पडलेला, बोटे झडलेला एक कुष्ठरोगी दिसला, तेव्हा ते घाबरून पळून गेले. तोपर्यंत त्यांनी स्वतःला निर्भय मानले होते. पळून गेल्याची बोचणी त्यांना परत त्या रुग्णाकडे घेऊन आली. पुढे कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय रोगचिकित्सा संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली व आनंदवनाचे काम उभारले. आनंदवनात भर दानावर न देता रुग्णांच्या श्रमावर व स्वावलंबनावर दिला गेला. कीव आणि करुणा यांतील अंतर व्यवहारात कसे दिसते, याचे ते उदाहरण होय.

मोठ्या संख्येपुढे करुणा बोथट होते, हेही प्रयोगांतून आढळले आहे. एका मुलाचे नाव व छायाचित्र पाहून जेवढी मदत दिली जाते, तेवढी हजारो मुलांची आकडेवारी पाहून दिली जात नाही. पॉल स्लोव्हिक याने या प्रवृत्तीचा विस्ताराने अभ्यास केला आहे. पॉल ब्लूम याने २०१६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात याच कारणास्तव समानुभूतीला न्यायाचा आधार मानण्यास विरोध केला. मात्र विचारयुक्त करुणेला त्याचा विरोध नाही.

करुणेचा थकवा : परिचारिका, वैद्य, समाजकार्यकर्ते इत्यादींच्या ठिकाणी कालांतराने येणारी भावनिक बधिरता, चिडचिड व उदासीनता यांसाठी ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा १९९२ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात वापरली गेली आणि चार्ल्स फिग्ली याने १९९५ च्या सुमारास ती रूढ केली. पण थकते ती करुणाच काय, असा प्रश्न टानिया झिंगर व ओल्गा क्लिमेकी यांनी उपस्थित केला. झिंगर व तिच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सोळा जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात पतीला किंवा मित्राला वेदना होत आहे एवढे कळले, तरी स्त्रीच्या मेंदूतील वेदनेच्या भावनिक अंगाशी निगडित भाग क्रियाशील होतात, असे आढळले होते. म्हणजे परदुःख काही अंशी खरोखरच ‘आपले’ होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही स्त्रियांना आधी केवळ समानुभूतीचे शिक्षण देण्यात आले. दुःखी माणसांची चित्रफीत पाहताना त्यांची खिन्नता वाढली व वेदनेशी निगडित भागांतील क्रियाही वाढली. नंतर त्याच स्त्रियांना मैत्री व करुणा यांच्या भावनेचे शिक्षण दिले असता खिन्नता पूर्वपदावर आली, आपुलकीची भावना वाढली आणि मेंदूतील वेगळेच, जवळीक व समाधान यांच्याशी संबंधित भाग क्रियाशील झाले. दुःख दिसेनासे झाले नव्हते. ते पाहण्याची रीत बदलली होती. या संशोधकांच्या मते थकवा करुणेचा नसून समानुभूतीतून येणाऱ्या क्लेशाचा असतो. बुद्धघोषाने ‘जवळचा शत्रू’ म्हणून दाखविले ते हेच, असे म्हणण्यास हरकत नाही. तथापि एका परिचारिकेवर झेपणार नाही इतक्या रुग्णांचा भार टाकून तिला करुणेचे वर्ग देणे हा उपाय नव्हे. थकव्याचा पुष्कळसा भाग मनाचा नसून कामाच्या तासांचा असतो आणि मानसशास्त्रीय वाङ्मयात या बाजूचा विचार कमी आढळतो.

आत्मकरुणा : ही संकल्पना मोजता येईल अशा स्वरूपात क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने २००३ मध्ये मांडली. तिच्या मते आत्मकरुणेचे तीन घटक आहेत. अपयश, चूक किंवा दुःख यांच्या प्रसंगी स्वतःला कठोर दोष न देता स्वतःशी ममतेने वागणे, हा पहिला. आपले दुःख हे सर्व मानवांच्या वाट्याला येणाऱ्या अपूर्णतेचाच भाग आहे हे ओळखणे, हा दुसरा. याच्या उलट ‘हे माझ्याच नशिबी का’ ही एकटेपणाची भावना. दुःखद विचार न दडपता व त्यांत वाहूनही न जाता त्यांकडे सावधपणे पाहणे, हा तिसरा. या तीन घटकांच्या विधायक व विघातक बाजू मिळून सहा उपश्रेणी आणि २६ विधाने असलेली मापनश्रेणी तिने तयार केली. नेफला ही कल्पना बौद्ध विचारातून सुचली. मात्र आत्मकरुणा हे प्राचीन बौद्ध ग्रंथांतले स्वतंत्र प्रकरण नाही. विसुद्धिमग्गात मैत्रीचा आरंभ स्वतःपासून होतो, करुणेचा मात्र एखाद्या दीन-दुःखी माणसापासून. आधुनिक संज्ञेला जुने वस्त्र नेसविताना हा फरक पुसला जातो.

आत्मकरुणेविषयीचा सर्वांत सामान्य गैरसमज म्हणजे ती स्वतःची कीव करणे होय, हा. स्वतःची कीव करणाऱ्याला आपले दुःख जगावेगळे वाटते. आत्मकरुणेचा दुसरा घटक नेमका याच्या विरुद्ध आहे. दुसरा आक्षेप ती माणसाला आळशी बनविते, हा आहे. कान धरल्याशिवाय मूल सुधारत नाही, ही समजूत माणूस मोठेपणी स्वतःलाच लावतो. ज्युलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांच्या २०१२ मधील प्रयोगांत कठीण परीक्षेत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचविले होते, त्यांनी पुढील परीक्षेसाठी इतरांहून अधिक वेळ अभ्यास केला. ज्यांना केवळ त्यांच्या बुद्धिमत्तेची ग्वाही देण्यात आली होती, त्यांनी तसे केले नाही. चूक पाहण्याचे भय कमी झाल्यावर चूक दुरुस्त करणे सोपे जाते, असा याचा अर्थ लावता येईल. आत्मसन्मान हा यशापयशाबरोबर आणि इतरांशी केलेल्या तुलनेबरोबर वरखाली होतो. आत्मकरुणा अपयशाच्या वेळीच उपयोगी पडते, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

मनःस्वास्थ्याशी आत्मकरुणेचा संबंध बराच निकटचा आढळतो. ॲन्गस मॅकबेथ व अँड्रू गमली यांनी २०१२ मध्ये १४ अभ्यासांतील निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा आत्मकरुणा आणि खिन्नता, चिंता व ताण यांच्यातील सहसंबंध गुणांक –०·५४ इतका आला. २०१५ मधील दुसऱ्या विश्लेषणात ७९ नमुन्यांतील १६,४१६ व्यक्तींची माहिती एकत्र केली असता आत्मकरुणा व सुस्थिती यांचा गुणांक ०·४७ आढळला. हे आकडे मोठे आहेत आणि म्हणूनच ते जपून वाचले पाहिजेत. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. मन स्वस्थ असलेल्याला स्वतःशी ममतेने वागणे सोपे जाते, हेही तितकेच शक्य आहे. पीटर म्युरिस प्रभृतींनी आणखी एक दोष दाखविला : मापनश्रेणीतील निम्मी विधाने आत्मदूषण, एकाकीपणा व वाहवत जाणे यांविषयीची असून ती खिन्नतेच्या लक्षणांशीच जुळतात, त्यामुळे संबंध फुगलेला दिसतो. यावरील वाद अद्याप मिटलेला नाही. शिक्षणाने आत्मकरुणा वाढवून पाहणारे यदृच्छ वाटणीचे प्रयोगही झाले असून त्यांत खिन्नता व आत्मदूषण मध्यम प्रमाणात कमी झालेले आढळते. परंतु काहीही न करण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या उपचाराशी तुलना केली, की हा फरक बराच ओसरतो.

ज्यांना आत्मकरुणेची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती सर्वांत अवघड वाटते, ही पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या कार्यातील मध्यवर्ती जाणीव आहे. त्याच्या मते मानवी मनात धोक्याला प्रतिसाद देणारी, इष्ट वस्तूंच्या मागे धावणारी व शांतविणारी अशा तीन भावनिक यंत्रणा असतात. तिसरी यंत्रणा बाळपणी मिळालेल्या मायेने घडते. ज्यांचे बाळपण अवहेलनेत किंवा मारहाणीत गेले, त्यांच्या ठिकाणी ती दुबळी राहते; त्यांना युक्तिवाद पटतो, पण त्याचा दिलासा पोहोचत नाही. अशा रुग्णांना ममतेचा शब्द ऐकून बरे वाटण्याऐवजी भय किंवा दाटून आलेला जुना शोक अनुभवास येतो. गिल्बर्टने याला ‘करुणेचे भय’ म्हटले आणि लज्जा व आत्मदूषण यांनी पीडलेल्या रुग्णांसाठी करुणाकेंद्रित उपचारपद्धती तयार केली. श्वासाची लय, चेहऱ्याची ठेवण, स्वतःशी बोलण्याचा स्वर यांपासून ती आरंभ करते. कारण ‘तू वाईट नाहीस’ हे वाक्य कठोर स्वरात मनातल्या मनात उच्चारले, तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

स्व आणि पर : स्वतःवर प्रेम केल्याशिवाय दुसऱ्यावर करता येत नाही, असे विधान अलीकडे वारंवार ऐकू येते. उपलब्ध पुरावा त्याला पाठिंबा देत नाही. नेफ व एलिझाबेथ पॉमिअर यांच्या २०१३ मधील अभ्यासात आत्मकरुणा व मानवमात्राविषयीची करुणा यांचा संबंध प्रौढांत व विशेषतः ध्यान करणाऱ्यांत आढळला, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मात्र नाही. नेदर्लंड्समधील सर्वसाधारण प्रौढांच्या २०१८ मधील एका अभ्यासात दोहोंत लक्षणीय संबंध दिसला नाही. बहुसंख्य लोक स्वतःपेक्षा इतरांशी अधिक ममतेने वागतात. स्त्रियांची आत्मकरुणा पुरुषांपेक्षा सरासरीने थोडी कमी भरते. घरातील आजाऱ्याचे सर्व काही वर्षानुवर्षे करणारी आणि स्वतःचे औषध मात्र राहूनच गेलेली स्त्री हे आपल्याकडील नित्याचे दृश्य आहे. तिच्या करुणेत उणीव आहे, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा आत्मकरुणा ही परकरुणेची पूर्वअट नव्हे. ती परकरुणा टिकण्यास साहाय्यक ठरते, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

परकरुणेने करुणा करणाऱ्याचेही स्वास्थ्य वाढते, याला बराच आधार आहे. स्टेफनी ब्राउन व तिच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४२३ वृद्ध दांपत्यांच्या पाच वर्षांच्या पाहणीत इतरांना आधार देणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे नोंदविले. आधार घेण्याचा तसा लाभ दिसला नाही. प्रकृतीतील आधीचे फरक हिशोबात घेऊनही हा निष्कर्ष टिकला. बार्बरा फ्रेड्रिकसन हिच्या २००८ मधील अभ्यासात सात आठवडे मैत्रीभावनेचा सराव करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी सुखद भावना हळूहळू वाढल्या व त्यातून सामाजिक आधार, जीवनातील हेतू यांसारख्या गोष्टींत वाढ झाली. मात्र साहाय्य स्वेच्छेने केलेले असावे लागते. लादलेल्या सेवेचा परिणाम उलट होऊ शकतो. दीर्घ आजारातील रुग्णाची एकट्याने शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांत खिन्नतेचे प्रमाण अधिक असते.

त्यामुळे करुणेची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या मनाचा राहत नाही. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) हिने १९६७ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर या शुश्रूषागृहात असाध्य रोग्याच्या वेदनेचा शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असा समग्र विचार सुरू झाला. भारतात अशा स्वरूपाचे पहिले केंद्र १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे ‘शांति आवेदना’ या नावाने निघाले. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडे येथे वेदनाशामक व उपशामक चिकित्सेचे काम सुरू झाले. पुढे त्या राज्यात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिक्षण देऊन रुग्णाच्या घरी जाणारी पथके उभारण्यात आली आणि २००८ मध्ये राज्य शासनाने उपशामक चिकित्सेचे धोरण जाहीर केले. या पद्धतीत एका रुग्णाचा भार एकाच माणसावर पडत नाही. स्वयंसेवक आळीपाळीने जातात आणि रुग्णाबरोबर त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाचीही विचारपूस करतात.